शेजारपाजार : इमारत पाडण्याआधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक एकाच विषयावर आहेत : रिडेव्हलपमेंट. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर. पत्ते निराळे, मजकूर बराचसा सारखा. पुण्यात १९७५ ते १९९० च्या सुमारास बांधलेल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती एकापाठोपाठ एक रिकाम्या होत आहेत. मी टपाल खात्यात होते आणि नोकरीची बरीच वर्षं कोथरूडच्या ४११०३८ या पिनकोडात गेली. ‘डेअरीच्या वर’, ‘चिंचेच्या बंगल्यामागे’, ‘पिठाच्या गिरणीसमोरचा जिना’ असे पत्ते लिहिलेली पाकिटं मी हाताळली आहेत. त्यातली बहुतेक ठिकाणं आता पत्र्याच्या कुंपणाआड गेली. त्यामुळे हे प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण तशीच आणखी चार पत्रं माझ्यापुढे आहेत.

प्रश्न : आमची १६ फ्लॅटची सोसायटी १९८४ सालची. बिल्डर जवळपास ठरला आहे. १५ जण तयार, एकट्या माझ्या सासूबाई नाही म्हणतात. त्यांचं वय ८१, फ्लॅट त्यांच्याच नावावर. सेक्रेटरी दर दोन दिवसांनी संध्याकाळी येऊन बसतात आणि ‘काकू, तुमच्यामुळे सगळ्यांचं अडलंय’ म्हणतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नाव न घेता टोमणे चालू आहेत. सासूबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालंय. यजमान म्हणतात, तूच समजाव. कसं समजावू? – एक सून, मयूर कॉलनी

उत्तर : सर्वांत आधी सासूबाईंना हे सांगा की त्यांच्यामुळे कुणाचंही अडलेलं नाही. राज्य शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. त्यानुसार विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती हवी. १६ पैकी १५ तयार असतील तर ठराव केव्हाच होऊ शकतो. एकमत व्हावं अशी बिल्डरची इच्छा असते, कारण मग कोर्टकचेरीची धास्ती राहत नाही. ती इच्छा गैर नाही. पण तिच्यासाठी ८१ वर्षांच्या बाईला दर दोन दिवसांनी संध्याकाळी घेरून बसणं मला अजिबात पटत नाही, आणि तुम्ही घरातली म्हणून ते थांबवायला हवं. सेक्रेटरींना नम्रपणे सांगा : ‘जे सांगायचं ते लेखी द्या. आम्ही वाचून लेखी उत्तर देऊ.’

दुसरी बाजूही त्यांच्यापासून लपवू नका. रीतसर बहुमताने ठराव झाला, बिल्डर नेमला गेला, की एकट्या सभासदाला काम रोखून धरता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे अनेक निकालांत सांगितलं आहे. म्हणजे त्यांच्या नकाराने जुनी इमारत वाचणार नाही. त्यांच्या प्रश्नांना किंमत आहे ती आत्ता, करारनामा व्हायच्या आधी. एकदा सह्या झाल्या की कुणी ऐकायला बसत नाही.

आणि प्रश्न असणारच. म्हातारं माणूस नाही म्हणतं तेव्हा त्याच्या पोटात एखादा प्रश्न असतो, जो कुणी विचारलेला नसतो. आमच्या गल्लीतली गोष्ट सांगते. तिथे एक आजी अशाच अडून बसल्या होत्या. कुणी म्हणे जास्त पैसे हवेत, कुणी म्हणे भाच्याने कान भरले. काचबिंदूमुळे त्यांना कडेचं दिसत नसे. घरात त्या भिंतीला हात लावून वावरायच्या. पलंगापासून संडासापर्यंतची वाट त्यांच्या तळहाताला पाठ होती : कपाटाची कड, मग दाराची चौकट, मग वॉशिंग मशीन, मग कडी. हे घर गेलं तर रात्री उठायचं कसं, एवढीच त्यांची भीती होती. आणि ती बोलून दाखवायला लाज वाटत होती.

हे कळलं त्यांच्या घरी पोळ्या करणाऱ्या बाईंमुळे. त्यांनी समितीतल्या एका मुलीला सांगितलं. त्या मुलीने आर्किटेक्टला गाठलं. एका रविवारी सकाळी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढल्या, आणि आजींचा नवा फ्लॅट खऱ्या मापाने खडूने फरशीवर आखला. भिंती, दारं, पलंग, ओटा, सगळं. चार पोरांनी दोऱ्या धरून भिंती ‘उभ्या’ केल्या. आजी त्या आखलेल्या घरात शिरल्या आणि पलंगाच्या जागेवरून निघून हात पुढे करत चालल्या. संडासाचं दार उजव्या बाजूला उघडत होतं. त्यांचा आधाराचा हात डावा. त्या म्हणाल्या, ‘दार इकडे घ्या, आणि इथे कपाट नको, इथे मला भिंत हवी.’ आर्किटेक्टने तिथल्या तिथे नकाशावर खूण केली. ते दार दुसऱ्या बाजूला घ्यायला बिल्डरचा कितीसा खर्च होणार होता? सही त्यांनी लगेच केली नाही. नकाशा बदलून, त्यावर शिक्का घेऊन, तो करारनाम्याला जोडल्यावर केली. अगदी बरोबर केलं त्यांनी.

तुम्हीही समजावण्याऐवजी विचारा. एकटं असताना, दुपारच्या चहाला, यजमानांना मध्ये न घेता. ‘तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटते?’ देवघर कुठल्या दिशेला येईल इथपासून ‘मी नव्या घरात पोचेपर्यंत जगले नाही तर?’ इथपर्यंत काहीही निघेल. हा शेवटचा प्रश्न निघाला तर ‘असं काय बोलता’ म्हणून उडवून लावू नका. तो अतिशय व्यवहारी प्रश्न आहे. भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) त्यांच्या नावावर आहे ना, नामनिर्देशन केलंय का, मृत्युपत्र केलंय का, हे आत्ताच बघा. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. ज्याचं नाव लावलं तो माणूस वारसांच्या वतीने केवळ विश्वस्त असतो. मृत्युपत्र नसेल तर भावंडांमधला गोंधळ नेमका चावी मिळण्याच्या वेळी सुरू होतो.

करारनाम्यात काय असावं, तर चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) चौरस फुटांत, मजला आणि दिशा, भाडं किती व किती महिन्यांचं आगाऊ, भाड्याच्या घराची अनामत, दलाली, आणि सामान हलवण्याचा जातानाचा व येतानाचा असा दोन्ही वेळचा खर्च. प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी बिल्डरने द्यायची असते. काम साधारण दोन वर्षांत, आणि फार झालं तरी तीन वर्षांत पूर्ण करण्याची अट त्याच कार्यपद्धतीत आहे. करारनामा नोंदणीकृत हवा, आणि सगळ्या परवानग्या हातात आल्याशिवाय घर रिकामं करायचं नाही. ‘पाडकामाला सुरुवात तर करू द्या, परवानगी आठ दिवसांत येतेय’ असं कुणी म्हणालं तर त्या आठ दिवसांनंतरच बॅगा भरायच्या.

शेवटचं : भाड्याचं घर निवडताना सासूबाईंना बरोबर न्या. त्यांचे डॉक्टर, त्यांचं देऊळ, संध्याकाळी ज्या बाकावर त्यांच्या मैत्रिणी बसतात तो बाक, हे सगळं त्यांच्या पायांच्या टप्प्यात राहायला हवं. दोन हजार रुपये भाडं वाचवायला त्यांना पार धायरीत नेऊन ठेवू नका. त्या वयात दोन वर्षं मैत्रिणींविना काढणं फार मोठी गोष्ट आहे.

प्रश्न : आमच्या जिन्याखाली गेली कित्येक वर्षं एक इस्त्रीवाले काका काम करतात. आमची इमारत आता पाडणार. मीटिंगमध्ये मी त्यांचा विषय काढला तर सगळे म्हणाले, ते काही सभासद नाहीत, दोन महिने आधी सांगू म्हणजे झालं. मला रात्रभर झोप लागली नाही. कायद्याने त्यांना काही हक्क आहे का? – एक सभासद, डहाणूकर कॉलनी

उत्तर : झोप लागली नाही हे वाचून बरं वाटलं. अशा माणसांमुळेच सोसायटी राहण्याजोगी असते.

कायद्याचं आधी सांगते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय अधिनियम आहे. पाहणी करून प्रमाणपत्र दिल्याशिवाय कुणाला उठवू नये, असं तो म्हणतो. पण तो रस्त्यावर, सार्वजनिक जागेत बसणाऱ्यांसाठी आहे. तुमचे काका सोसायटीच्या खासगी आवारात आहेत. त्यांना त्याचा आधार मिळणं कठीण. उलट, इमारत पाडल्यावर ते टेबल घेऊन फुटपाथवर आले आणि महापालिकेचं प्रमाणपत्र नसलं, तर अतिक्रमणाच्या गाडीत टेबल, इस्त्री आणि लोकांचे कपडे तिन्ही जातील. त्यामुळे त्यांच्यासाठी काही होणार असेल तर ते तुमच्या सर्वसाधारण सभेतच होईल.

मीटिंगमध्ये ‘दया करा’ या सुरात बोलू नका. सोसायटीचा उपयोग दाखवा. इस्त्रीवाल्याला जे माहीत असतं ते सिक्युरिटी एजन्सीच्या दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या मुलाला माहीत नसतं. कुणाचे कपडे दोन आठवडे आले नाहीत, कुणाकडे अचानक पांढरेच कपडे यायला लागले, कुठल्या घरची किल्ली कुणाकडे असते. आमच्याकडच्या इस्त्रीवाल्यांनी एकदा एका एकट्या राहणाऱ्या आजोबांचं दार स्वतः जाऊन वाजवलं होतं, कारण सोमवारचे शर्ट बुधवारपर्यंत आले नव्हते. आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले होते. वेळेत दवाखान्यात पोचले.

मागणी अशी लिहून न्या : नव्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीच्या मालकीची एक छोटी सेवा-खोली, तिथे विजेचा स्वतंत्र मीटर, नळ, आणि शेजारी घरकामाच्या बायका, वॉचमन, ड्रायव्हर यांच्यासाठी संडास. हा संडास मागणीत घालाच. दिवसभर पाच घरांत काम करणाऱ्या बाईला आपण चहा देतो, आणि संडासाला कुठे जातेस हे विचारत नाही. ओला-सुका कचरा वेगळा करायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंनाही पावसात उभं राहायला छत हवं. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली, महापालिकेने त्यांना घरोघरचं काम दिलं. आणि आपल्या नकाशात त्यांच्यासाठी चार फूट जागा नसावी?

सभासदांना भीती असते ती अशी की आज जागा दिली तर उद्या तो हक्क सांगेल. ती भीती खोटी म्हणून झटकू नका, तिचा बंदोबस्त करा. दर ११ महिन्यांचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार (जागा फक्त वापरायला देणारा, तिच्यावर हक्क न देणारा), नाममात्र शुल्क, सर्वसाधारण सभेचा ठराव. कागद दोघांचंही रक्षण करतो.

बांधकामाच्या काळात काय? शेजारच्या सोसायटीशी आत्ताच बोला. तुम्ही सगळे तीन वर्षांसाठी आसपासच भाड्याने राहणार. कपडे तुमचेच असणार. त्यांना फक्त उभं राहायला कोपरा हवा. आणि बिल्डर प्रत्येक सभासदाला सामान हलवायचे पैसे देतो, त्यात प्रत्येकाने थोडी रक्कम काकांसाठी काढली तर कुणाच्याही घरचा दिवा विझत नाही. हे त्यांना दोन महिने आधी नको, आज सांगा. त्यांच्या मुलांच्या शाळेची फीसुद्धा त्या टेबलावरच अवलंबून आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. शाळेत ‘माझा परिसर’ हा प्रकल्प दिला आहे. आम्ही गोखलेनगरला राहतो. आजोबा म्हणतात, ‘आपण पुरामुळे इथे आलो.’ पण ते पुढे जास्त बोलत नाहीत. कुठला पूर? आणि आजोबांना बोलतं कसं करू? – एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून फार आनंद झाला.

तो पूर १२ जुलै १९६१ चा. वार बुधवार. पुण्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं झालेलं नव्हतं आणि त्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. बांध खचायला लागला. लष्कराचे जवान वाळूची पोती रचून तो वाचवायची धडपड करत होते. सकाळी धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या धरणात आलं आणि दुपारी तेही फुटलं. मुठा नदी शनिवार, नारायण, कसबा या पेठांत शिरली. लकडी पुलावरून पाणी वाहिलं. मातीचे वाडे भिजून बसले. खडकवासलाच गेल्यामुळे शहराचं नळाचं पाणी बंद झालं आणि लोक जुन्या विहिरींवर, पेशव्यांच्या वेळच्या कात्रजच्या नळाच्या हौदांवर पाणी भरायला लागले. म्हणजे शहरभर पाणी आणि प्यायला थेंब नाही.

ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी शहराच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या. तुझं गोखलेनगर त्यातलंच. सहकारनगरमध्येही पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या झाल्या. तेव्हा हा भाग गावाबाहेरचा, माळरानाचा. पेठेत उंबऱ्याला उंबरा लागून राहिलेल्या माणसांना तिथे किती एकटं वाटलं असेल याचा विचार कर. पुण्याच्या आजच्या नकाशाचा बराच भाग त्या एका दिवसाने आखला आहे, आणि ते फलकावर कुठे लिहिलेलं नाही. तुझ्या प्रकल्पात ते येऊ दे.

आता आजोबा. ‘पुराबद्दल सांगा’ असं विचारलंस तर ते गप्प बसतील. फार मोठं आणि दुखरं आहे ते. लहान प्रश्न विचार. तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता? वाडा कुठल्या पेठेत होता, दारातून आत गेलं की उजवीकडे काय होतं? पाणी येतंय हे कुणी ओरडून सांगितलं? निघताना हातात काय घेतलं? रात्री कुठे झोपलात, कुणी जेवायला दिलं? गोखलेनगरच्या घरात पहिल्या दिवशी दिवा कुठला लावला? त्यांना कागद दे आणि जुन्या वाड्याचा नकाशा काढायला सांग. हात काढायला लागला की तोंड आपोआप उघडतं. मध्येच रडायला आलं तर वही मिटून जवळ बस. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

शिवाय, १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर आहे, तिथे जाऊन जुलै १९६१ ची वृत्तपत्रं बघायला मिळतील का विचार. ‘सकाळ’ आणि ‘केसरी’ तेव्हा पुण्यातूनच निघत. आजोबांची गोष्ट आणि छापलेली बातमी एका पानावर शेजारी शेजारी चिकटव. दोन्हींत फरक दिसला तर तोही लिही, आजोबांचं खोडू नकोस. प्रकल्प पूर्ण झाला की एक प्रत मला पाठव. मी वाट बघते आहे.

प्रश्न : आम्ही तीन मैत्रिणी नोकरीसाठी लातूर आणि नांदेडहून आलो. कर्वेनगरमध्ये फ्लॅट भाड्याने घेतला. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, बॅचलरना आमच्याकडे परवानगी नाही. मालकांकडून दुप्पट मेंटेनन्सही मागतात. लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही. – एक नोकरदार मुलगी

उत्तर : पोरींनो, फ्लॅट भाड्याने द्यायला मालकाने सोसायटीची परवानगी घ्यायची नसते, कळवायचं असतं. करार नोंदणीकृत हवा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ती ऑनलाइन देता येते. हे दोन कागद असले की ‘बॅचलर नको’ या म्हणण्याला आधार उरत नाही. दुप्पट मेंटेनन्सचंही तसंच. फ्लॅट भाड्याने दिला तर ना-वापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, हे शासनाने २००१ सालीच ठरवलं आहे. मालकांना ते लेखी मांडायला सांगा. तुम्ही स्वतः चेअरमनशी भांडू नका, ते मालकांचं काम आहे.

लिफ्टचं मात्र तुमच्या हातात आहे. आपल्या मजल्यावरच्या तीन दारांची बेल वाजवा. नाव, गाव, कुठे नोकरी, एवढंच सांगा, आणि आपले फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून द्या : ‘काकू, रात्री-अपरात्री कधी काही लागलं तर उठवा.’ तुम्ही मराठवाड्यातून आलात, तिथे नवीन बिऱ्हाड आलं की शेजारी पाणी विचारायला येतात. इथे ती रीत विरळ झाली आहे, म्हणून सुरुवात तुम्ही करा. आणि पुण्यातल्या माझ्या वयाच्या वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : या मुली आपल्या नातींच्या वयाच्या आहेत. दार उघडा.

प्रश्न : शेजारच्या प्लॉटवर पाडकाम चालू आहे. रात्री साडेअकरापर्यंत काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालतो. बाळ दचकून उठतं. कुणाकडे जावं? – एक आई, एरंडवणे

उत्तर : ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी आहे. आवाज चालू असताना ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, पत्ता सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. सकाळी महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे व्हिडिओसह अर्ज द्या. त्यात वेळ दिसली पाहिजे. एकटीने करू नका, शेजारच्या दोन घरांच्या सह्या घ्या. साइटवरच्या मुकादमावर मात्र चिडू नका. त्याला रात्री काम करायला लावणारा माणूस तिथे नसतो. कुंपणावरच्या फलकावर परवानगीचा क्रमांक आणि विकसकाचं नाव लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न : आमच्या आवारात बुचाची दोन मोठी झाडं आहेत. नव्या नकाशात तिथे पार्किंगचा रॅम्प आहे. बिल्डर म्हणतो, एकाच्या बदल्यात तीन लावून देतो. मान्य करावं का? – एक जोडपं, सहकारनगर

उत्तर : नाही, इतक्यात मान्य करू नका. पावसाळा सरल्यावर बुचाच्या फुलांचा सडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना यामागचं कारण सांगायला नको.

१९७५ च्या वृक्ष जतन कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता ‘वारसा वृक्ष’ धरलं जातं. आणि झाड तोडायची वेळ आलीच, तर त्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. तुमचं झाड चाळीस वर्षांचं असेल तर ४० रोपं. ‘तीन लावून देतो’ हे कुठल्या हिशोबाने, ते त्यांना विचारा. झाडाचं वय ठरवताना जुने फोटो उपयोगी पडतात. तुमच्याकडे वास्तुशांतीच्या वेळचे, मुलांच्या वाढदिवसांचे, आवारातल्या होळीचे फोटो असतील. मागे झाड दिसतंय आणि तारीख आहे असे शोधा. सगळ्या सभासदांकडून गोळा करा.

पण तोडण्यापर्यंत जाऊच का द्यायचं? नकाशा मंजुरीला गेलेला नसेल तर आर्किटेक्टला रॅम्पची दिशा बदलून दुसरा आराखडा मागा. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात रॅम्प गेला तर दोन-तीन गाड्यांची जागा कमी होईल, त्यावर सभेत मतदान घ्या. झाडं ठेवायची असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि करारनाम्याला जोडायच्या नकाशात दोन्ही झाडं गोल करून दाखवा. मुळांभोवती किती फूट खोदायचं नाही तेही लिहा, कारण झाड ‘ठेवतात’ आणि मुळं तोडतात, मग दोन पावसाळ्यांत ते आपोआप पडतं.

तरीही अर्ज गेलाच, तर वृक्ष अधिकाऱ्याला झाडावर नोटीस लावावी लागते. हरकतीची मुदत त्या नोटिशीतच असते, आणि ती लहान असते. रोज सकाळी दूध आणायला जाताना दोन्ही खोडांकडे एक नजर टाका. नोटीस दिसली की त्याच दिवशी तिचा फोटो काढा आणि उद्यान विभागात हरकत देऊन पोच घ्या. एकाच अर्जावर वीस सह्या घेण्यापेक्षा वीस जणांचे वीस अर्ज द्या. प्रत्येक हरकत स्वतंत्र मोजली जाते. नमुना अर्ज हवा असेल तर या सदराच्या पत्त्यावर, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट तिकीट लावून पाठवा. मी हाताने लिहून पाठवीन.